बुजगावणे आणि त्याचे भाऊबंद

पाखरांना माणूस वाटावा आणि माणसाला मात्र तो माणूस वाटू नये, अशा बेताने शेतात उभी केलेली आकृती म्हणजे बुजगावणे. प्रत्यक्षात निकाल बहुतेक वेळा उलटा लागतो.

नांदेडहून मुदखेड, उमरी, धर्माबाद करत निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ही आकृती वर्षातून दोनदा चांगली पाहायला मिळते. सोयाबीनचे कोंब जमिनीतून डोके काढतात तेव्हा एकदा, आणि रब्बीची ज्वारी चिकात भरते तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला कबुतरे, होले आणि मोर यांच्याशी गाठ असते. दुसऱ्या खेपेला चिमण्या, पोपट आणि साळुंक्यांशी. मधल्या काळातही ते शेतात उभे असते, पण तेव्हा त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते.

साहित्य घरचेच लागते. उभा बांबू, त्याला छातीच्या उंचीवर सुतळीने आवळलेला आडवा बांबू, पोटात कडबा आणि वर पालथे मडके. तुरीच्या तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या वापरूनही सांगाडा होतो, पण तो पहिल्या वाऱ्यात कमरेतून वाकतो आणि मग आकृती राखणदाराऐवजी वाट चुकलेल्या पाहुण्याची दिसू लागते. मडके शक्यतो चुलीवर काळे झालेले घेतात. गॅस आल्यापासून अशी मडकी दुर्मीळ झाली असल्याने आता नवे मडके आणून त्याला काजळी किंवा ऑइल पेंट फासावा लागतो. भीतीच्या धंद्यात कच्च्या मालाची टंचाई अशी सुरू होते.

खरी कारागिरी चेहऱ्यात असते. कालवलेला चुना आणि काडीला गुंडाळलेली चिंधी घेऊन घरातले पोर पुढे बसते. डोळे आधी काढतात. ते दोन्ही एका मापाचे कधीच होत नाहीत, आणि हा दोष न राहता गुणच ठरतो: एक डोळा मोठा, एक बारीक असला की आकृती काहीतरी हिशेब मनात धरून असल्यासारखी दिसते. मग दात. इथे घरात दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना साधे चौकोनी दात पुरेसे वाटतात, तर पोराला दोन्ही बाजूंना सुळे हवे असतात आणि एका सुळ्यावरून रक्ताचा थेंबही. कुंकवाचा करंडा माजघरात असतो, त्यामुळे रक्ताची सोय होते. शेवटी मिशा. मिशांबाबत मात्र सर्वांचे एकमत असते. गावातल्या कुठल्यातरी एका माणसाशी त्या हटकून जुळतात, आणि त्याचे नाव कुणी मोठ्याने घेत नाही.

कपड्यांचा प्रश्न त्यानंतर निघतो. बियाणे कंपन्यांनी मेळाव्यात वाटलेले टी-शर्ट आणि निवडणुकीतल्या टोप्या यांनी अलीकडे हा प्रश्न बराच सोपा केला आहे. ज्या वाणाचे बियाणे उगवलेच नाही, त्याच वाणाची जाहिरात छातीवर मिरवत बुजगावणे त्याच शेतात उभे राहते, याला कृषी विस्तार म्हणता येईल. निवडणुकीच्या टोपीचे जरा जपून करावे लागते. टोपी कुठल्या पक्षाची घातली यावरून बांधाशेजाऱ्याचे तोंड वाकडे होऊ शकते, म्हणून जाणते शेतकरी टोपी उलटी करून घालतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची जीन्स गुडघ्यावर मुळातच फाटलेली असते, ती मुलाने टाकून दिली आहे की तो अजून वापरतो याची मात्र आधी खात्री करून घ्यावी लागते. “आवो, चांगला सदरा कामून घातला त्येला?” हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकू येतोच, आणि त्यावर पटेल असे उत्तर अजून कुणाला सापडलेले नाही.

बुजगावणे हटकून पुरुषच असते. शेतातले निंदणे, खुरपणे, वेचणे ही कामे बायका करतात हे पाखरे रोज पाहत आलेली आहेत. लुगडे नेसलेली आकृती दिवसभर एका जागी काही न करता उभी आहे, यावर त्यांचा विश्वास बसला नसता. सदरा घातलेल्या आकृतीबद्दल अशी शंका घ्यायला जागा नाही.

उभे कुठे करावे, याचेही शास्त्र आहे. शेताच्या ऐन मध्यावर केले तर ते दुरून उठून दिसते, पण चारही कोपरे मोकळे राहतात. बांधाजवळ केले तर शेजाऱ्याला वाटते की आपल्याला उद्देशून आहे. त्यामुळे ते थोडे आत, पण वाटेने जाणाऱ्याला दिसेल असे रोवतात. पाखरांसाठी केलेल्या वस्तूची जागा वाटसरूंचा विचार करून ठरावी, यातच तिचा खरा प्रेक्षक कोण हे उघड होते.

पाखरांवर होणारा परिणाम थोडक्यात आटोपतो. पहिल्या दिवशी थवा लांब बाभळीवर बसून पाहतो. पुढे एखादी साळुंकी जवळ येऊन तपासणी करते. आठवड्याच्या आत बुजगावण्याच्या आडव्या हातावर चिमण्या रांगेने बसतात, कारण कणसाच्या उंचीवर बसायला इतकी सोयीची जागा शेतात दुसरी नसते. जे हलत नाही आणि ज्याच्यापासून कधी इजा होत नाही, त्याची सवय होते, असे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणून बुजगावण्याची जागा दर दोन-चार दिवसांनी बदलावी आणि कपडेही बदलावेत, अशी शिफारस असते. शिफारस करणाऱ्यांनी घरातले सदरे मोजलेले नसतात. शिवाय ३० जानेवारी १९४८ रोजी निजामाच्या राज्यात असताना ज्या गावातली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि पैसा लढ्याकडे वळवला, त्या उमरीच्या चिमण्यांनी मडक्याला भ्यावे अशी अपेक्षा धरणेही जरा जास्तच आहे.

कावळ्याचे प्रकरण वेगळे आहे. अमेरिकेत सिएटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गुहेतल्या आदिमानवाचा रबरी मुखवटा चढवून सात कावळे पकडले, त्यांच्या पायात कडी घातली आणि सोडून दिले. तुलनेसाठी दुसरा मुखवटा ठेवला होता तो अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. तो घालून नुसते फिरायचे, काही करायचे नाही. पुढे आदिमानवाचा मुखवटा दिसला की कावळे ओरडून आवार डोक्यावर घेत, आणि चेनींकडे फारसे कुणी लक्ष देत नसे. दोन वर्षांनी तोच मुखवटा घालून मार्झलफ आवारातून फिरले, तेव्हा भेटलेल्या ५३ कावळ्यांपैकी ४७ जणांनी त्यांना शिव्या घातल्या. पकडले होते सातच. बाकीच्यांनी ऐकून खुन्नस धरली होती. म्हणजे कावळा चेहरा भयानक आहे म्हणून भीत नाही, त्या चेहऱ्याने मागे काय केले ते लक्षात ठेवतो. उमरीच्या बुजगावण्याने आजवर एकाही कावळ्याला हात लावलेला नाही, तेव्हा कावळा त्याच्या डोक्यावर बसून कणीस सोलतो यात काही चूक म्हणता येणार नाही.

माणसांवरचा परिणाम मात्र भरवशाचा आहे. शेतीपंपांची थ्री फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस झोपेतून उठून मोटार चालू करायला निघतो, हातात बॅटरी, पायात चिखल. दारे धरायला वळताना बॅटरीचा झोत चुन्याच्या डोळ्यांवर पडतो. एक मोठा, एक बारीक. त्या क्षणी हे आपणच आपल्या अंगणात बसून केलेले आहे, कुंकू बायकोच्या करंड्यातले आहे आणि सदरा आपलाच आहे, ही सगळी माहिती उपयोगाला येत नाही. मारुतीचे नाव घेत माणूस दोन पावले मागे सरतो, पाय पाटात जातो आणि पाणी भलत्याच सरीला लागते. सकाळी तो ही गोष्ट कुणाला सांगत नाही. शेजाऱ्यालाही तोच अनुभव आदल्या रात्री आलेला असल्याने तोही विचारत नाही.

रानडुकरे, हरणे आणि रोही यांच्यापुढे तर बुजगावण्याचे काहीच चालत नाही. ही मंडळी रात्री येतात, नाकावर विसंबून असतात आणि मिशांकडे बघतही नाहीत. त्यांच्यासाठी शेताभोवती जुन्या साड्या ताणून बांधतात. लांबून पाहिले तर शेत लग्नघर वाटते. जवळ गेल्यावर कुठली साडी कुणाच्या लग्नातली हे ओळखण्याचा खेळ बायकांमध्ये रंगतो, आणि मानपानातली हलकी साडी कुणी दिली होती याची उजळणी होते. डुकरे काही दिवस साडी पाहून दबकतात आणि मग खालून जातात. त्यानंतर बॅटरीवरचा भोंगा येतो. त्यात मालकाने स्वतःच्या आवाजात घातलेल्या हाळ्या, कुत्र्याचे भुंकणे आणि कुठूनतरी मिळवलेली वाघाची डरकाळी लागोपाठ वाजते. या क्रमात वाघ कुत्र्यानंतर लगेच येतो आणि मालक पुन्हा हाळी देतो, तेव्हा वाघाने दोघांनाही काही केले नाही हे डुकरांच्या लक्षात येते.

शेजारच्या राज्यांत हेच काम आणखी पुढे गेले आहे. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०१९ मध्ये वानरांचा त्रास थांबवायला आधी खेळण्यातले वाघ ठेवले. पण खेळण्यांचा रंग उन्हात उडतो, म्हणून मग घरच्या कुत्र्यालाच केसांच्या कलपाने वाघासारखे पट्टे ओढले. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ शेतात फिरवायचे, एवढेच काम. तेलंगणात सिद्दिपेट जिल्ह्यातल्या कोहेड्याच्या एका शेतकऱ्याने २०२२ मध्ये अस्वलाचा पोशाख घालून रानात फिरायला माणूस ठेवला. मजुरी दिवसाला ५०० रुपये. पोशाख केसाळ, ऊन तेलंगणाचे, आणि आतल्या माणसाने दिवसभर चार पायांचा आव आणायचा. त्या मानाने मडक्याचे बुजगावणे बिनपगारी, बिनतक्रारी असते आणि चहा मागत नाही.

बुजगावण्याचे सख्खे चुलत भावंड गावात राहते. उमरीत नव्या बांधकामाच्या खांबावर, पिठाच्या गिरणीवर, मोंढ्यातल्या आडतीच्या दारावर राक्षसाचे काळे तोंड टांगलेले असते. वळवलेली शिंगे, हनुवटीखाली लोंबणारी लाल जीभ, वर आलेले सुळे आणि बटबटीत डोळे, असा सगळा सरंजाम एका साच्यातून निघतो आणि पूजेच्या सामानाच्या दुकानात खिळ्याला लटकून विकला जातो. पूर्वी याही कामाला मडकेच होते. तिथेही चुन्याचेच डोळे. शेजारच्या तेलंगणाच्या वळणाने कोहळा जाळीत घालून दाराशी बांधायची पद्धतही इकडे रुळली आहे. त्याच्या जोडीला शनिवारी बदलायचे लिंबू, मिरच्या आणि बिब्बा, आणि बांधकामाच्या बांबूला उलटी टांगलेली काळी बाहुली.

या भावंडाचा शत्रू दोन पायांचा आहे. शेजाऱ्याची, सोयऱ्याची, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाची नजर बांधकामाला लागू नये, हा हेतू. त्यामागचे तत्त्व बुजगावण्याच्या अगदी उलट आहे. बुजगावण्याने पाखराला येऊ नको म्हणायचे, तर राक्षसाच्या तोंडाने माणसाला इकडेच बघ म्हणायचे. नजर आधी त्याच्यावर पडली की तिचा जोर तिथेच संपतो आणि तीन मजल्यांचा खर्च तिच्या हाताला लागत नाही. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०१८ मध्ये हेच तत्त्व शेवटापर्यंत नेले. त्याच्या कोबी-फ्लॉवरचे पीक जोरात होते आणि येणारा-जाणारा टक लावून बघत होता. त्याने शेतात अभिनेत्री सनी लिओनीचा मोठा फलक उभा केला आणि आता पिकाकडे कुणी बघत नाही, असे समाधानाने सांगितले. कारागिरीच्या दृष्टीने या फलकाला गुण देता येत नाहीत, पण तत्त्वाची मांडणी याहून स्वच्छ कुणी केलेली नाही.

राक्षसाचे तोंड बांधकाम पुरे झाले की उतरवायचे असते. अडचण अशी की बांधकाम पुरे झाले असे उमरीत कुणी म्हणत नाही. वर धाकट्याचा मजला व्हायचा असतो, त्यासाठी स्लॅबवर सळया उभ्या सोडलेल्या असतात, आणि सळया आहेत तोवर तोंडही आहे. मराठवाड्याचे तीन उन्हाळे सोसल्यावर जीभ गुलाबी होते, चेहरा राखाडी पडतो, एक शिंग निखळते. मग राक्षस रागावलेला न दिसता आजारी दिसायला लागतो, आणि नजर लावायला आलेला माणूस त्याची विचारपूस करून जाईल अशी अवस्था येते. ते उतरवून नवे लावायला घरधनी तयार नसतो. जुन्याने इतकी वर्षे सांभाळले, ही जाणीव आड येते.

एकट्याने टांगायच्या भीतीखेरीज गावाने मिळून मिरवायची भीतीही महाराष्ट्रात आहे, आणि तिचा मान नागपूरकडे जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. बांबू, कागद आणि रंगाच्या या अवाढव्य स्त्रीरूपी पुतळ्यांनी गावातली रोगराई आणि इडापिडा आपल्याबरोबर घेऊन जायची असते. त्यांच्यासोबत बडगे निघतात. हे पुरुष पुतळे असून त्या त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचे रूप त्यांना मिळते. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, परदेशी सत्ताधीश, कुणाचाही नंबर लागू शकतो. मारबत वर्षानुवर्षे तीच असते, बडग्याला दरवर्षी नवे तोंड लागते, आणि त्या तोंडाची उणीव नागपूरला आजवर पडलेली नाही.

गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे राहतात. गवत, बांबू, कागद आणि अलीकडे यंत्राने फिरणारे डोळे-हात. वाड्यावाड्यांत चुरस, बक्षिसे, आणि पहाटे दहन. दहन ज्याने करायचे तो श्रीकृष्ण मात्र बऱ्याच ठिकाणी एवढासा असतो, कारण वर्गणी नरकासुरावर संपलेली असते. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देव-दानवांची सोंगे रात्रभर नाचतात. तिथे मुखवटा जाळत नाहीत, जपून ठेवतात.

पडद्यावरचे राक्षस हे या घराण्यातले सर्वांत धाकटे. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ सालचा. कमी खर्चात भूत कसे करावे, याचा धडा त्यांनी हिंदी सिनेमाला घालून दिला: चिखल, मेण, धूर आणि काळोख, ज्यातला काळोख सर्वांत स्वस्त. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. बांधकामाच्या खांबावर राक्षस टांगायची चाल असलेल्या मुलखाला यात नवल वाटायचे कारण नाही.

मराठीत हा मान एका बाहुल्याकडे गेला. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा, आणि तात्या विंचू या गुंडाची भूमिका दिलीप प्रभावळकरांची. कल्पनेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात सापडते. पण तिथला बाहुला दुकानातल्या खेळण्याचा चेहरा घेऊन येतो, तर तात्याला कपाळावरच्या आठ्यांसकट गावातला माणूस शोभेल असे तोंड मिळाले. तेव्हा लहान असलेली पिढी आज कर्ती झाली आहे, घरात बाहुली कपाटावर बसवलेली दिसली तर तिचे तोंड भिंतीकडे फिरवते आणि कारण विचारले तर धूळ बसते म्हणून सांगते. या पिढीतल्या घरी मडक्यावर चेहरा काढायला पोर बसले, की मिशा कुणाच्या काढायच्या हा वाद आपोआप मिटतो, तात्याच्या काढतात. चिमण्यांनी हा चित्रपट पाहिलेला नसल्यामुळे निकालात फरक पडत नाही.

राहिला शेवट. नरकासुर पहाटे जळतो, मारबती शहराबाहेर नेऊन जाळतात, लिंबू-मिरची रस्त्यावर टाकली जाते आणि दिवसभर लोक तिला वळसा घालून जातात. बुजगावण्यासाठी असा कुठलाही विधी नाही. ज्वारी काढून झाली की त्याला उपटायचे काम एकमेकांवर ढकलले जाते. मडके बहुधा क्रिकेटच्या चेंडूने किंवा वानराने आधीच फुटलेले असते, कडबा जनावराने ओढलेला असतो, राहतो बांबू आणि त्यावरचा सदरा. पुढच्या मशागतीला रोटाव्हेटर येतो तेव्हा ड्रायव्हर शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबवून विचारतो, “त्ये काढताव का तसंच घालू?” कापड पात्यात गुंडाळले तर ते सोडवण्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाचे भाडे कुणी द्यायचे यावरून दरवर्षी बांधावर बोलाचाली होते.